वाकलेला पत्रा आणि कारखान्याची सनद

१९५६ साली राज्यपुनर्रचनेचा कायदा झाला, तेव्हा तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याच्या स्वाधीन करण्यात आला, परंतु त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळण्यात आला. आणि ज्या तालुक्याची बाजारपेठ, दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि मोटारीचे सुटे भाग ही सर्व पिढ्यान्‌पिढ्या बेळगावात होती, त्याची जिल्हा कचेरी शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कोल्हापुरात गेली. व्यवहार एकीकडे आणि मुलकी कारभार दुसरीकडे, ही स्थिती चंदगडकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याविषयी तक्रार करणेही त्यांनी केव्हाच सोडून दिले. एखादी नवी वस्तू तालुक्यात येते तेव्हा मात्र ही जुनी हद्द पुन्हा पायात येते. विजेवर चालणारी मोटार ही त्या नव्या वस्तूंपैकी अगदी अलीकडची होय. एकदा चार्ज केल्यावर ती किती किलोमीटर धावते, चार्जिंगला किती वेळ लागतो आणि पेट्रोलच्या मानाने किती पैसे वाचतात, या प्रश्नांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून निघाले. परंतु ती ठोकरली, आपटली किंवा नाल्यात कलंडली म्हणजे तिचे पुढे काय होते, तिचा वाकलेला पत्रा कोणी सरळ करायचा, कोणाच्या अधिकाराने आणि कोणाच्या खर्चाने, याची वाच्यता विक्रेता करीत नाही आणि आनंदात असलेला ग्राहकही विचारीत नाही.

वास्तविक हा प्रश्न विचारण्यास चंदगडासारखा मुलूख नाही. शिनोळीची हद्द ओलांडून पाटणे फाट्यावरून पुढे निघालेल्या रस्त्यावर पावसाळ्यात धुके असे उतरते की, समोरचा ट्रक त्याच्या दिव्यांवरून नव्हे तर आवाजावरून ओळखावा लागतो. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे मागे दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बहुतेक वेळा मागचा लाल दिवा नसलेले, रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. हेरे, पारगड आणि तिलारीनगर या बाजूला गवे रस्ता ओलांडतात, आणि गव्याला वाहतुकीचे नियम शिकवण्याची तजवीज अद्याप कोणत्याही खात्याने केलेली नाही. तिलारीचा घाट गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या सोयीचा असला, तरी त्याची वळणे अनोळखी चालकाची गय करीत नाहीत. अशा प्रदेशात मोटारीला दुखापत होणे ही दुर्घटना असली तरी अपवाद नव्हे.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीला अशी दुखापत झाली तर तिच्या शुश्रूषेची एक वहिवाट ठरून गेलेली आहे. ट्रॅक्टर किंवा क्रेन बोलावून गाडी ‘टोचन’ करून फाट्यावरच्या गॅरेजात आणायची. तेथे डेंटरने दरवाजाच्या आतून हातोडी आणि बाहेरून लोखंडी ठोकळा धरून पत्रा हळूहळू मूळच्या वळणावर आणायचा, फाटला असेल तेथे गॅसवर डाग द्यायचा, उरलेले खड्डे लांबी भरून घासायचे, आणि मग पेंटरने केवळ नजरेच्या अंदाजाने रंग कालवून असा मारायचा की, उन्हात उभे राहून पाहणाऱ्यालाही सांधा सापडू नये. या विद्येला कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही. ती मामाकडून भाच्याकडे आणि वस्तादाकडून पोऱ्याकडे जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराने या हस्तकौशल्याची जी परंपरा निर्माण केली, तिचे धागे गडहिंग्लज, आजरा, चंदगड येथपर्यंत पसरलेले आहेत. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना स्वतःच्या बुद्धीने घडवला, पुढे दोन तपे तो सुधारला आणि अखेर सरकारी परवान्याअभावी त्यांचा कारखाना उभा राहिला नाही, ही हकीकतही याच जिल्ह्यातली आहे. पत्रा आणि यंत्र यांविषयी या मातीत न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही, एवढे प्रथमच सांगितले पाहिजे; कारण पुढे जे लिहावयाचे आहे, ते या कारागिरांच्या विरुद्ध आहे असा गैरसमज होण्याचा संभव आहे.

विजेच्या गाडीत पत्रा तोच असला तरी पत्र्याखालचे जग निराळे असते. आपल्याकडे सर्वांत परिचित झालेली जी नेक्सॉन ईव्ही, ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या तळाशी ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी होती आणि तिचा दाब सुमारे ३२० व्होल्टचा होता. घरातील वीज २३० व्होल्टची. परंतु घरातील वीज मुख्य कळ दाबली की जाते, बॅटरीच्या पेटीतील वीज पेटीच्या आत कधीच ‘जात’ नाही. बाहेर जाणारी वाट तोडता येते. त्यासाठी सर्व्हिस प्लग नावाची एक कळ असते, आणि एअरबॅग फुटण्याइतका आघात झाला तर गाडी आपण होऊन ती वाट तोडते. परंतु वाट खरोखरच तुटली आहे काय, हे डोळ्यांनी कळत नाही. एकदिश प्रवाहात ६० व्होल्टच्या वर गेलेला दाब मानवी देहाला धोक्याचा मानला जातो, म्हणून अशा दाबाच्या तारांना नारिंगी रंगाचे आवरण असते. नारिंगी तार दिसली की, हात मागे घ्यायचा, आणि हजार व्होल्टपर्यंत टिकणारे रबरी हातमोजे घालून, कळ काढून, इन्व्हर्टरमध्ये साठलेला भार ओसरेपर्यंत थांबून, मापकयंत्राने दाब शून्य झाल्याची खात्री करूनच पुढे जायचे, हा या कामाचा पहिला पाठ आहे. ज्याने आयुष्यभर बारा व्होल्टच्या पेटीची वायर दातांनी सोलली, त्याला हा पाठ कोणीतरी बसवून शिकवल्यावाचून येणार नाही, आणि तो न येणे हा त्याचा दोष नव्हे.

घोटाळा टोचनापासूनच सुरू होतो. पुढच्या चाकांवर चालणारी विजेची गाडी दोरीने ओढली आणि ती चाके जमिनीवर फिरत राहिली, म्हणजे तिची मोटर उलट्या भूमिकेत शिरून जनित्र बनते, आणि नको तेथे वीज निर्माण करू लागते. म्हणून अशी गाडी सपाट तळाच्या वाहनावर चारही चाके उचलून न्यावी असा उत्पादकांचा आग्रह असतो. ऐन पावसात, रात्रीच्या वेळी, तिलारी घाटाच्या माथ्यावर असे वाहन मागवून पाहावे, म्हणजे नियम आणि भूगोल यांचे नाते कसे असते ते कळून येईल. मदतीला धावून येणारा शेजारी दोरी आणि ट्रॅक्टर घेऊनच येतो, आणि त्याला नको म्हणताना माणसाच्या जिवावर येते.

गाडी वर्कशॉपात पोहोचल्यावरही तिला इतर गाड्यांच्या रांगेत उभी करता येत नाही. २०११ साली अमेरिकेत सरकारी चाचणीसाठी मुद्दाम खांबावर आपटलेली शेव्हरोले व्होल्ट ही गाडी आवारात नुसती उभी करून ठेवली होती; ती तीन आठवड्यांनी आपोआप पेटली, आणि तिच्याबरोबर शेजारच्या गाड्याही गेल्या. आघाताने बॅटरीचे शीतक द्रव्य झिरपून विजेच्या मंडलात शिरले होते. तेव्हापासून दुखापत झालेली विजेची गाडी इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून पन्नास फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, दूर एकटी ठेवावी असा दंडक तिकडे रूढ झाला. एका गाडीसाठी चहूबाजूंनी पन्नास पन्नास फूट मोकळी जागा सोडणे बेळगावच्या खानापूर रस्त्यावर काय किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय, किती महाग पडते, हे तेथील भाडी ठाऊक असणाऱ्यांना सांगावयास नको. फाट्यावरच्या गॅरेजाकडे मात्र मागे माळरान असते. या एका बाबतीत निसर्गाने खेड्याला झुकते माप दिले आहे.

त्यानंतरची परीक्षा निरोधनाची. गाडीच्या सांगाड्यात विजेची गळती नाही हे सिद्ध करण्यासाठी एकदिश प्रवाहाच्या मंडलात दर व्होल्टमागे निदान १०० ओहम इतका रोध भरला पाहिजे, हे प्रमाण आंतरराष्ट्रीय नियमांतून आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या द्वारे प्रसिद्ध होणाऱ्या मानकांत आले आहे. ३२० व्होल्टच्या गाडीला म्हणजे निदान बत्तीस हजार ओहम. हे मोजण्याचे यंत्र दुर्मीळ नाही, परंतु ते कोठे लावायचे आणि आकडा कमी आला तर कोणत्या क्रमाने दोष शोधायचा, हे ज्या पुस्तिकेत लिहिलेले असते, ती पुस्तिका उत्पादकाच्या कुलुपात असते. सांगाड्यातील काही पोलाद इतके कठीण असते की, ते तापवून सरळ केले तर त्याचे सामर्थ्यच नष्ट होते, म्हणून तो भाग कापून नवा बसवावा लागतो. वेल्डिंग करण्यापूर्वी काही ठिकाणी संपूर्ण बॅटरी खाली उतरवावी लागते. रंग भट्टीत साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजण्याची जी सर्वत्र चाल आहे, ती बॅटरीला मानवत नसल्याने तापमान आणि वेळ यांवर मर्यादा पाळावी लागते. आणि बंपरमागचा रडार किंवा काचेवरचा कॅमेरा जागचा हलला असेल, तर तो पुन्हा नेमका रोखून दिल्यावाचून गाडी स्वतः ब्रेक लावताना चुकू शकते. यांतील एकही गोष्ट अतिमानवी नाही. मात्र प्रत्येक गोष्टीला साधन हवे, माहिती हवी आणि संगणकातून गाडीशी बोलण्याची मुभा हवी.

या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत अशी ग्वाही उत्पादक ज्या वर्कशॉपास देतो, त्याला प्रमाणित बॉडी शॉप म्हणतात. परदेशात टेस्लासारख्या कंपनीने ही पद्धत इतकी कडक केली की, सांगाड्याचे भाग प्रमाणित दुकानांवाचून इतरांना विकतच मिळत नाहीत. ही सनद फुकट मिळत नाही. ठराविक जातीचे वेल्डिंग यंत्र, सांगाडा मोजण्याचा बाक, निराळी खोली, दरवर्षीचे प्रशिक्षण यांवर वर्कशॉपाने भांडवल घालावयाचे, आणि ते भांडवल वसूल होण्याइतक्या गाड्या आघात होऊन दाराशी आल्या पाहिजेत. त्यामुळे सनद आपोआप मोठ्या शहराकडे ओढली जाते, आणि ज्या तालुक्यात अशा गाड्या अजून मोजक्या आहेत, तेथील मालकापुढे बेळगाव, कोल्हापूर किंवा घाट उतरून गोवा एवढेच पर्याय उरतात. ब्रिटनमधील थॅचम रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार विजेच्या गाड्यांचे अपघाताचे दावे इतर गाड्यांपेक्षा सुमारे २५.५ टक्के महाग पडतात आणि दुरुस्तीस १४ टक्के अधिक वेळ लागतो. हे दर वळणावर वर्कशॉप असलेल्या देशाचे गणित आहे. त्याच वर्षी कॅनडातील एका मालकाला ह्युंदाई आयोनिक ५ च्या बॅटरीच्या आवरणावर ओरखडे गेल्याबद्दल नव्या बॅटरीचा अंदाज सुमारे ६० हजार कॅनेडियन डॉलरांचा, म्हणजे जवळजवळ नव्या गाडीच्या किमतीच्या घरातला, देण्यात आला, आणि विमा कंपनीने गाडीच मोडीत काढली. अमेरिकेत रिव्हियन कंपनीच्या एका गाडीला मागून बसलेल्या साध्या धक्क्याच्या दुरुस्तीचे बिल ४२ हजार डॉलर झाल्याचेही तेव्हाच गाजले. या सगळ्याच्या तुलनेत २००१ साली बंगळूरातून निघालेली आपली रेवा ही चिमुकली गाडी आठवल्यावाचून राहत नाही. तिची बाह्यांगे एबीएस प्लॅस्टिकची होती, म्हणजे पत्रा वाकण्याचा प्रश्नच तिने मुळात टाळला होता. दिसायला ती कशी होती, हा भाग वेगळा.

आता विम्याकडे वळू. कारण अपघातानंतरचा खरा संवाद मिस्त्रीशी नव्हे, सर्व्हेअरशी असतो. आपल्या मोटारविम्याचा जो तक्ता २००२ च्या दरपत्रकापासून रूढ आहे, त्यात रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटऱ्या आणि एअरबॅग यांच्या किमतीतून सरसकट ५० टक्के घसारा कापावा असे म्हटले आहे. तो लिहिणाऱ्यांच्या मनात हजार-पाचशेवर मिळणारी बारा व्होल्टची पेटी असावी हे उघड आहे. विजेच्या गाडीत बॅटरी ही गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक असते. त्या जुन्या शब्दाला धरून हिशेब झाला, तर नवीकोरी गाडी असूनही मालकाच्या अंगावर लाखांचा बोजा पडू शकतो. यावर उपाय म्हणून ‘झिरो डेप’ आणि बॅटरीसाठी निराळे पुरवणी संरक्षण विकले जाते, आणि ज्याने ते घेतले नाही, त्याला ते न घेतल्याचे अपघातानंतरच कळते. दुसरा शिरस्ता असा की, दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी संपूर्ण नष्ट झाली असे समजावे. बॅटरी दुरुस्त होत नसून बदलायचीच असते, अशी भूमिका वर्कशॉपाने घेतली, की ही मर्यादा गाठायला फारसा मोठा आघात लागत नाही. तीनशे व्होल्टच्या पेटीतील एखादा कप्पा बदलून ती वाचवता येते की नाही, हा निर्णय ज्याच्या हातात आहे, तोच नवी पेटी विकणारा आहे. न्यायासनावर बसलेला आणि फिर्यादीचा वकील एकच असण्याचा हा प्रकार होय.

येथेच सनदेची दुसरी बाजू उघडी पडते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने देशातील १४ मोटार उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आरोप असा होता की, अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने ते केवळ आपल्या अधिकृत वर्कशॉपांना देतात आणि स्वतंत्र गॅरेजवाल्याला बाजारातून हद्दपार करतात. आयोगाने केवळ दंडावर भागवले नाही. सुटे भाग आणि साधने स्वतंत्र कारागिरांना मिळावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, असा हुकूमही केला. प्रकरण अपिलांत गुंतले, हे आपल्या न्यायव्यवस्थेच्या परिचयातील वाचकाला निराळे सांगणे नको. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली लोकमताने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०२० मध्ये गाडीतून बिनतारी प्रसारित होणारी माहितीही त्यात ओढली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही अंतर्भाव आहे. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

उत्पादकाचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अगदी पोकळ नाही. पेट्रोलच्या इंजिनात चूक झाली तर गाडी बंद पडते. उच्च दाबाच्या मंडलात चूक झाली तर माणूस पडतो. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके कडक केली आणि ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली. इतक्या काटेकोरपणे तयार झालेली पेटी कोणीही माळावर उघडून बसावे, असे म्हणणारा माणूस चंदगडच्या कारागिराचा मित्र नव्हे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे इतकेच की, सुरक्षिततेसाठी सनद आवश्यक असेल, तर ती देण्याचा अधिकार विक्री करणाऱ्याच्या एकट्याच्या हाती असता कामा नये. विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनला सरकार परवाना देते, त्याने कोणत्या कारखान्याची तार वापरावी हे सरकार ठरवीत नाही. तीच रीत येथे का असू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणी देत नाही.

चंदगडपुरते पाहिले तर काम दोन भागांत विभागता येण्यासारखे आहे. दरवाजा, फेंडर, बंपर, दिवे, आरसे यांची दुखापत, ज्यात बॅटरी आणि नारिंगी तारा यांना आघाताचा स्पर्शही झालेला नाही, ती निरोधनाची परीक्षा आणि दाबशून्यतेची खात्री एवढे शिकलेल्या स्थानिक गॅरेजाला दुरुस्त करू द्यावी. बॅटरी, तळ आणि सांगाडा यांचे काम मोठ्या केंद्राकडे जावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता आला आहे. त्यात पत्रेकामाचा एक भाग घालून, आधीपासून धंद्यात असलेल्या प्रौढ कारागिरांसाठी दोन-तीन आठवड्यांचा संक्षिप्त वर्ग काढणे कठीण नाही. शिनोळी आणि हलकर्णी येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथे एक सामायिक मापन-बाक आणि मोकळे पटांगण असले तर आजरा, गडहिंग्लज, चंदगड आणि हद्दीपलीकडील बेळगावची गावेही त्यावर निभतील, आणि बेळगावला जाणारी वाट निदान एकदा तरी उलटी वाहील. ज्या तालुक्यातील तिलारीच्या पाण्यावर वीज तयार होते, त्या तालुक्याने विजेच्या गाडीचा पत्रा दुसऱ्या राज्यात नेऊन ठोकून आणावा, हे काही विधिलिखित नाही.

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत, विजेची गाडी घेणाऱ्या चंदगडकराने आपल्यापुरता बंदोबस्त करावा. अपघातग्रस्त गाडी दुरुस्त करणारे सर्वांत जवळचे प्रमाणित वर्कशॉप कोणत्या गावी आहे, तेथपर्यंत चारही चाके उचलून नेण्याचा खर्च कोणाचा, हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात गाडी नेली तर विमा कंपनी रोकडविरहित व्यवहार मान्य करते काय, आणि बॅटरीचा घसारा विमापत्रात कसा लिहिला आहे, या चार गोष्टी पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासनाला सर्व्हेअरच्या दारात कवडीची किंमत नसते. आणि गाडीच्या तळाला मार बसला असेल, तर कितीही जवळचा आणि कितीही हुशार मिस्त्री असला, तरी त्याला ती पेटी उघडू देऊ नये. गाडी दूर उघड्यावर उभी करावी, दोरी लावू देऊ नये, आणि बेळगाव असो की कोल्हापूर, मुकाट्याने प्रमाणित जागीच न्यावी.